बाहुलीची मयत

मंगळवार, ७ फेब्रुवारी १९६१ रोजी सकाळी पावणेदहा वाजता उमरखेडजवळच्या एका तांड्यावरच्या बालवाडीत एक बाहुली वारली. चिंधीची, हातभर लांब, डोळे काळ्या दोऱ्याचे. पाच वर्षांच्या पंचफुलाने तिला पाटावर आडवे केले, तोंडावर लाल कापड ओढले आणि ती शेजारी बसून राहिली.

पंचफुला चार महिने बोललेली नव्हती. तिची आई नंदाबाई बाळंतपणाला यवतमाळला गेली आणि तिथेच वारली. बाळही गेले. बाप देवसिंग सगळे तिथेच उरकून परतला. पोरीला काय सांगायचे, हा प्रश्न तांड्याने एकमताने सोडवला. आई मामाच्या तांड्यावर गेली आहे. खोटे उघडे पडू नये म्हणून पोरीसमोर कोणी रडायचे नाही, असेही ठरले. आजी भुरीबाई रडायला शेतात जाई. पंचफुलाने आठ दिवस आई कधी येणार ते विचारले, नवव्या दिवशी विचारणे सोडले आणि त्याबरोबर बाकीचे बोलणेही. होळीपर्यंत बोलली नाही तर तिला राजूरला आत्याकडे ठेवायचे, असा देवसिंगचा निर्णय झाला होता. आत्याचा नवरा तिथल्या खाणीवर होता आणि घरात सहा पोरे होती. सातवे मुके असेल तर त्रास कमीच, असे आत्याने कळवले होते.

बालवाडीच्या विमलताई वणीच्या. खेळातून मुलांच्या मनाला आधार कसा द्यावा, याचे तीन आठवड्यांचे प्रशिक्षण घेऊन त्या नागपूरहून नुकत्याच परतल्या होत्या. खेळणाऱ्या मुलाला अडवू नये, शिकवू नये, त्याच्या मनात जे दिसते तेवढेच आपल्या शब्दांत त्याला परत सांगावे, असे त्यांच्या वहीत पहिल्याच पानावर होते. प्रशिक्षणात त्या पहिल्या आल्या होत्या. पुढचा घोटाळा त्यामुळेच झाला.

"तुला वाटतं, ती आता उठणार नाही," विमलताई हळूच म्हणाल्या.

पंचफुलाने मान हलवली. चार महिन्यांतले ते पहिले उत्तर. विमलताईंनी वहीत वेळ लिहिली.

मग सहा वर्षांची नलू उठली, पंचफुलाच्या गळ्यात पडली आणि सुरात रडू लागली. बाकीच्या पोरी तिला मिळाल्या. विमलताईंनी अडवले नाही.

तांड्यावर रडण्याची रीत आहे. बायका गळ्यात गळा घालून सुरात रडतात. तो आवाज कानावर आला की हातातले काम टाकून जायचे, जवळ असेल तिच्या गळ्यात पडायचे आणि रडायचे. कोण गेले ते नंतर. आधी विचारणे म्हणजे माणूस बघून रडणे, आणि ते वाईट दिसते.

सुखीबाई पाणी घेऊन चालली होती. तिने बालवाडीच्या ओसरीवर डोक्यावरचा गुंड उतरवला आणि मागून आलेल्या लालीबाईच्या गळ्यात पडली. अर्ध्या तासात ओसरीवर सतरा बायका झाल्या. दार अडले, त्यामुळे आतले कोणाला दिसेना. आपल्या आधी आलेलीला माहीत असणार, असे प्रत्येकीला वाटत होते. भुरीबाईही आली. दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने मोठ्याने रडायची संधी तिला चार महिन्यांनी मिळाली होती. ती सर्वांत जोरात रडली. घरोघरच्या चुली विझवण्यात आल्या.

तांड्याचे नायक लालसिंग खिडकीशी आले.

"बाई, कोन गेलं वो?"

विमलताईंना खेळ मोडायचा नव्हता. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "कोण गेलं ते कळत नाही, म्हणून तुम्ही अस्वस्थ आहात."

"अस्वस्थ त होईनच ना! नाव सांगा."

"तुम्हाला नाव ऐकायचंय, पण ऐकायची भीतीही वाटतेय."

लालसिंगांना आता खरोखरच भीती वाटली. त्यांचा म्हातारा चुलता दोन दिवस तापाने पडला होता. आपल्याच घरचे माणूस गेले आहे आणि बाई सांगायला कचरत आहेत, एवढा अर्थ त्यांनी काढला आणि ते भिंतीला टेकून खाली बसले. बसल्या बसल्याच त्यांनी देवसिंगला आणि शेजारच्या उत्तमसिंगला लाकडे तोडायला पिटाळले.

बाराच्या सुमाराला विकास गटाचे अधिकारी बबनराव सायकलवरून आले. प्रशिक्षणाचा काही उपयोग होतो का, ते त्यांना तपासायचे होते. समोर अख्खा तांडा रडताना पाहून त्यांनी सायकल झाडाला लावली, टोपी काढली आणि ते पुरुषांत जाऊन बसले. अशा वेळी चौकशी करू नये, हे त्यांनाही कळत होते. थोड्या वेळाने सगळे आपल्याकडे बघत आहेत असे वाटून ते उभे राहिले.

"जे गेले, ते अत्यंत कष्टाळू होते," बबनराव म्हणाले. "गटाच्या प्रत्येक कामात त्यांचा पुढाकार असे. त्यांची जागा भरून निघणार नाही."

"नाही जी, नाही निघत," लालसिंग चुलत्याच्या आठवणीने हुंदका देऊन म्हणाले.

एवढ्यात चुलता काठी टेकत आला. "कोन गेलं रे, लालसिंग?"

लालसिंग उठले. बायकांना बाजूला सारत ते आत गेले. मागोमाग बबनराव, भुरीबाई आणि डोक्यावर लाकडाचा भारा घेतलेला देवसिंग. लालसिंगांनी कापड उचलले.

"हे काय?"

"ही तर आपल्या गटाने वाटलेली बाहुली," बबनराव म्हणाले.

"बाहुली? बाई, दोन घंट्यापासून आमी बाहुलीसाठी रडून राह्यलो? चुली इझवल्या! लाकडं तोडली!"

"तुम्हाला राग..."

"माहा राग तुमी मले नका सांगू!"

"बाहुली नाही," पंचफुला म्हणाली. "याडी हाय."

याडी म्हणजे आई. आवाज घोगरा होता, न वापरल्यासारखा. भुरीबाई सकाळपासून सुरात रडत होती. ती पाटापाशी बसली आणि तिचा सूर तुटला.

पंचफुला बापासमोर जाऊन उभी राहिली.

"तू म्हनला, मामाकडं गेली."

"हो," देवसिंग म्हणाला. भारा अजून डोक्यावरच होता. उतरवायला कोणी हात दिला नव्हता.

"नाही गेली. यवतमाळले मेली. मले मालूम होतं."

"हो."

"मंग खोटं काहून बोलला?"

देवसिंगने भारा आपणच खाली टाकला.

"मी राजूरले जात नाही."

"नको जाऊ, बेटा."

तांड्याला वाटले, झाले. पण पंचफुला सुखीबाईकडे वळली होती. "तू म्हनली, लुगडं आनाले गेली." मग लालसिंगांकडे. "नायक, तू म्हनला, होळीले येते." तीस वर्षे तांड्याचे तंटे तोडणाऱ्या लालसिंगांनी बबनरावांकडे पाहिले. बबनराव खिडकीतून आपल्या सायकलकडे पाहत होते.

"थांब वं आता," भुरीबाई डोळे पुसत म्हणाली. "जरा दम त घे."

"तू बी म्हनली, मामाकडं."

ओसरीवरच्या बायका एकेक करून पदर तोंडाला लावू लागल्या. पण पंचफुलाला प्रत्येकीचे वाक्य पाठ होते आणि ती कोणाला गाळत नव्हती. शेवटी ती विमलताईंपाशी आली.

"तू म्हनली, पत्र येईन."

विमलताईंनी तोंड उघडले. प्रशिक्षणातले वाक्य तयार होते. ते त्यांनी गिळले.

"हो," त्या म्हणाल्या. "मीही खोटं बोलले."

पंचफुलाने ते ऐकून घेतले. खोटं बोललो, असे स्वतःच्या तोंडाने म्हणणारे ते पहिलेच माणूस. मग तिने बबनरावांना खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"हा कोन हाय?"

बबनरावांनी हुद्दा सांगितला नाही. "मी... रडायला आलो होतो," ते म्हणाले.

"मंग रड," पंचफुला म्हणाली आणि त्यांना बसायला जागा करून दिली.