शंकररावांची घंटी

हिंदी मुलखातल्या बूढ़ापारा वस्तीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत देवश्रीचं व्याख्यान ठरलं, तेव्हा तिच्या वडिलांनी, श्रीपादरावांनी, सर्वांत आधी मंडळाचे जुने कार्यकर्ते शंकरराव यांचा बंदोबस्त केला. आरतीची वेळ झाली की वक्ता कितीही रंगात असो, शंकरराव घंटी वाजवत आणि व्याख्यान जागच्या जागी संपे. लेकीने रक्ताचं पाणी करून पेशींच्या मृत्यूवर संशोधन केलेलं. त्याचा असा अंत श्रीपादरावांना बघवला नसता.

"शंकरराव, पुरानी बस्तीतून पेढे आणा ना. तुमच्यासारखी पारख कोणाले आहे?"

शंकरराव खूश होऊन निघाले. घंटी दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून तीही पिशवीत टाकून घेऊन गेले.

अध्यक्ष निरंजनराव देवश्रीची ओळख करून द्यायला उठले. "दोनच शब्द बोलतो," म्हणाले आणि मंडळाच्या स्थापनेपासून सुरू झाले. एरवी घंटीच्या धाकाने ते आटोपतं घेत. आज धाकच नव्हता. बोलण्यात माजी अध्यक्षांचं नाव आलं, म्हणून माजी अध्यक्ष देवीदासजी आभार मानायला उठले. त्यांनी कौमुदीताईंच्या कवितेची आठवण काढली, म्हणून कौमुदीताईंनी ती पूर्ण म्हटली आणि कोणी न मागता दुसरी सुरू केली.

देवश्री वडिलांच्या कानाशी वाकली. "बाबा, शंकरकाका कहाँ हैं?"

"मीच पाठवलं. तुझं लेक्चर मधात तोडलं असतं ना त्यांनी."

"बुलाओ उनको. ये लोग तो बढ़ते ही जा रहे हैं. यही तो मेरा टॉपिक है."

श्रीपादरावांनी निमूटपणे फोन लावला. "शंकरराव, असाल तसे या. घंटी वाजवा."

शंकरराव धापा टाकत आले. घंटी वाजली आणि कौमुदीताई ओळीच्या मध्येच खाली बसल्या. लोक आरतीला उठू लागले, तसे शंकररावच म्हणाले, "पहिले पोट्टीले बोलू द्या. आरती मंग."

श्रीपादरावांना स्वतःची लाज वाटली.

देवश्री जपून मराठीत बोलू लागली. "पेशीत सायटोक्रोम-सी नावाचं एक प्रोटीन असतं. पेशी बिघडली की ते तिला संपवायचा इशारा देतं. असे इशारे बंद पडले, तर पेशी वाढतच जातात, त्यातून कॅन्सर होतो. आणि गंमत म्हणजे बाकी सगळा वेळ हेच प्रोटीन पेशीला ऊर्जा मिळवून देतं. घर तेच चालवतं."

सगळ्यांच्या माना शंकररावांकडे वळल्या. सतरंज्या घालायच्या, माइक जोडायचा, पत्रावळी उचलायच्या, हे सगळं तेच करत आले होते आणि आजवर कोणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. टाळ्या थांबेनात.

शंकररावांचे डोळे भरून आले. ते माइकपाशी गेले. देवश्रीने आदराने जागा दिली.

"पोट्टीनं आज मले समजून घेतलं. मी फक्त दोन शब्द बोलतो," म्हणाले आणि पहिल्या गणपतीच्या सतरंज्यांपासून सुरू झाले.

बऱ्याच वेळाने श्रीपादराव घंटी शोधू लागले. ती शंकररावांच्या मुठीत होती.