दोन हाका

प्रिय सई आणि निखिल,

सई, परवा तू फोनवर म्हणालीस की जिनिव्हातल्या तुझ्या नव्या ऑफिसात जगभरातून अर्ज येतात. कुणाचा भाऊ नाहीसा झालेला, कुणाचा नवरा. आणि तिसऱ्याच आठवड्यात ते सगळे तुला सारखे वाटू लागले. रागावण्यासाठी लिहीत नाही. पण असले अर्ज मी स्वतः टाइप केलेले आहेत, आणि ते करवून घेणारा माणूस तुम्हा दोघांना ठाऊक असावा. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे तोवर सांगून टाकते.

औरंगपुऱ्यात आमच्या समोर भानुकाका राहत. मूळचे फुलंब्रीचे, शेतीवाडीचे. निजामाच्या काळात ते कचेरीत पेशकार होते, म्हणजे खटल्याचे कागद साहेबापुढे ठेवायचे आणि शिपायाकडून पक्षकारांचा पुकारा करवायचा. पोलीस ॲक्शननंतर कचेरी बदलली, तिथली भाषा बदलली आणि काका घरी बसले. पण रोज सकाळी बरोबर अकराला काळी शेरवानी चढवून ते ओट्यावर उभे राहत आणि भर उन्हात पुकारत, "नसीर अहमद हाजिर है?" जरा थांबून पुन्हा, "नसीर अहमद हाजिर है?"

मग वळून आत जात.

कचेरीत पुकारा तीनदा होतो, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे दुसऱ्या हाकेनंतर सगळी गल्ली तिसरीसाठी थबकायची. भाजीवालीची तागडी अधांतरी राहायची, नळावरच्या बायका गप्प व्हायच्या. समोरचा न्हावी एखाद्याच्या अर्ध्या गालावर वस्तरा धरून ओरडायचा, "काका, तिसरी उद्याला ठेवली का?"

"व्हय. उद्याला," काका आतूनच म्हणत.

मी नवी सून, बी.ए. झालेली, असल्या गोष्टींना हसणारी. पण खरं तेच लिहायचं म्हणून लिहिते. दुसऱ्या हाकेनंतर काकांच्या पायरीवर कुणीतरी चपला काढल्यासारखा आवाज यायचा. आधी एक, मग दुसरी. पाहावं तर पायरी रिकामी. सासूबाई म्हणत, "वाळवी लागलेली फळी वाजते गं." पायरी दगडी होती.

एका दुपारी काका कागदांची गुंडाळी घेऊन आमच्या दारात आले. "सूनबाई, तुम्हाला इंग्रजी येतं, घरात टाइपरायटर हाय. बड्या अदालतीत अर्ज गुजारायचाय."

बडी अदालत म्हणजे अमेरिकेत भरणारी सगळ्या देशांची सभा, सई, तुझं ऑफिस आज जिचं आहे तीच. ती अदालत नाही, हे मी समजावून सांगितलं.

"अदालत नाय, तर एवढ्या खुर्च्या कशाला मांडल्या?"

वर्तमानपत्रातली सभेची प्रत्येक बातमी ते वाचत. देशोदेशींचे प्रतिनिधी त्यांच्या लेखी वकील होते. एकदा कुणी रागावून सभा सोडून गेला, तर काकांनी मांडीवर थाप मारली. "गेला तर जाऊ द्या! गैरहजेरी मांडा अन् कामकाज चालवा!"

नसीरमियाँ हे कचेरीतले उर्दू लेखनिक. अठरा वर्षं दोघांनी एका दौतीतली शाई वापरली. ॲक्शननंतरच्या त्या वाईट आठवड्यात, वाटेवर माणसं मारली जात होती तेव्हा, नसीरमियाँ करमाडला बहिणीला आणायला निघाले. बहीण पुढे सुखरूप सापडली. तिच्या घरी ते पोचलेच नव्हते. कुणी पाहिलं नाही, कुठे नोंद नाही.

मी काकांना मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातली ओळ मराठीत करून वाचून दाखवली, की प्रत्येकाला जगण्याचा हक्क आहे.

"यात करमाडचा रस्ता येतो का?"

"येतो."

"नसीरमियाँ येतात?"

"सगळी माणसं येतात, काका."

"मग दावा चालतो. टाइप करा."

चार महिन्यांनी उत्तर आलं. वर विषय म्हणून नसीर अहमद हे नाव, आणि खाली दोन ओळी. अर्ज मिळाला, मात्र व्यक्तीच्या तक्रारीवर कारवाई करण्याचा अधिकार आम्हांला नाही. मान खाली घालून मी अर्थ सांगितला.

"फेटाळला, असं लिहिलंय?"

"नाही."

"झालं तर! तारीख पडली." त्यांनी पेढे वाटले. न्हाव्यालासुद्धा.

मग दरवर्षी नवा अर्ज, आणि तसंच दोन ओळींचं उत्तर. दरवर्षी नसीरमियाँचं वय एकाने वाढवायचं. "माणूस काय तिथंच थांबतो व्हय?" एका वर्षी चष्मा घातला, एका वर्षी केस पांढरे केले. पुढे म्हणाले, "लिहा, गुडघे दुखतात."

"ते तुम्हाला कसं कळलं?"

"पायरी चढताना थांबायलेत आजकाल."

मी टाइप केलं. 

एका उन्हाळ्यात काकांना ताप भरला आणि घसा बसला. त्या दिवशी अकरा वाजले, पुकारा नाही. भाजीवाली भाव करेना. न्हावी दुकानातून बाहेर येऊन उभा. एवढी अख्खी गल्ली, पण कुणी कुणाकडे बघेना. सव्वाअकराला मला ते सहन झालं नाही. मी काकांच्या ओट्यावर गेले आणि दाराकडे तोंड करून दोनदा पुकारलं. माझ्या पाठीमागे पायरीवर एक चप्पल निघाली. मग दुसरी. मी वळले नाही. तिसरी हाक जिभेच्या टोकावर आली होती.

आतून काकांचा फाटका आवाज आला, "सूनबाई, तिसरी नका मारू."

मी आत गेले. ते उठून बसले होते.

"तिसऱ्या हाकेला हाजिर नसला की दावा खारीज. म्हंजी गेला, असं आपणच लिहून द्यायचं." त्यांनी पांघरूण बाजूला सारलं. "ते निघाले तवा मला विचारून निघाले. जाऊ का भानुदास, म्हणले. मी म्हणलो, जा बिनघोर. काय होत नाय, मी हाय ना."

काका पुढच्या उन्हाळ्यात गेले. त्यानंतर पुकारा झाला नाही. त्यांच्या घराच्या जागी आता कापडाची दुकानं आहेत.

सई, ते नाव त्या सभेच्या कचेरीतल्या कुणीतरी उत्तरावर दरवर्षी टाइप केलं, एवढ्यावर काका अकरा वर्षं जगले. तुझ्या टेबलावर येणारी नावं वाचताना एकदा मोठ्याने वाच.

अकरा उत्तरं माझ्या कपाटात तारखेनुसार लावलेली आहेत. टाइपरायटर चालू आहे. तिसरी हाक अजून कुणी मारलेली नाही.

तुमची आजी