बनसोड सरांची शेवटची ओळ

संगणकशास्त्र विभागाच्या नियमानुसार कोडची ओळ ज्याने लिहिली त्याच्या मंजुरीशिवाय ती बदलता येत नसे, आणि बनसोड सर वारल्यानंतरही त्यांच्या मंजुऱ्या दर गुरुवारी दुपारी तीनला न चुकता येत होत्या. कुणीतरी एकदा हरकत घेतली. तेव्हा कार्यालयातल्या गावंडेंनी नियमावली काढून दाखवली. लिहिणारा जिवंत असावा, असं तिच्यात कुठेच नव्हतं.

शर्वरी ढोके ही सरांची शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी. जुन्या सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकणारा एक प्रोग्राम सरांनी अर्धवट सोडला होता, तो पुरा करणं हाच तिचा प्रबंध. त्यात सरांच्या चारशे बारा ओळी होत्या. ती आठवड्याला चार-पाच सुधारून पाठवी. सर नुसतं 'मंजूर' लिहून कधी मोकळे होत नसत. 'मंजूर, पण नावं देताना आळस केलास.' 'मंजूर, पण जेवत जा वेळेवर.' हयात असतानाही त्यांचं असंच होतं. मात्र सुधारलेली ओळ तिच्या नावावर जाई आणि सरांची एक कमी होई. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा अकराच उरल्या होत्या.

मग तिने मुद्दाम चुकीचे बदल पाठवायला सुरुवात केली. सर ते नामंजूर करत, का ते सविस्तर समजावत, आणि ओळ त्यांचीच राही. अशी दीड वर्षं तिने खुशाल काढली. शेवटी एका गुरुवारी उत्तर आलं, 'नामंजूर. शर्वरी, असली चूक तू करत नाहीस.' तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर तिने दहा ओळी नीट सुधारल्या. राहिली एक. उत्तर दाखवण्याआधी दोन सेकंद थांब, एवढंच ती ओळ प्रोग्रामला सांगायची. प्रयोगशाळेतल्या जुन्या मशीनला दम खाता यावा म्हणून सरांनी ती घातली होती. ते मशीन कधीच भंगारात गेलं होतं, आणि त्या दोन सेकंदांनी प्रबंधातली वेळेची सगळी मोजमापं चुकत होती. नोंदणीची मुदत महिनाअखेरीला संपणार होती. पुढे मुदतवाढ नव्हती.

ती गावंडेंकडे गेली. ओळ तशीच ठेवली तर चालेल का, असं तिने विचारलं. ठेवा, पण मग प्रबंध घेता येणार नाही, असं ते म्हणाले.

"आणि काढली तर? त्यानंतरच्या गुरुवारी काय येईल?"

गावंडेंनी चष्मा पुसला. "ज्याची ओळच नाही त्याले काय विचारायचं, मॅडम? सरांचं नाव यादीतून निघून जाते."

"तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटते ना. बावीस वर्षं सोबत चहा घेतला आम्ही."

शर्वरीने ओळ काढून बदल पाठवला. त्या आठवड्यात तिचं कशात म्हणून लक्ष लागलं नाही. गुरुवारी ती अडीचपासूनच कार्यालयात येऊन बसली. गावंडेंनी खुर्ची पुढे सरकवली.

तीन वाजता उत्तर आलं. 'मंजूर.'

तिने पुढचा 'पण' शोधला. पान खाली सरकवून पाहिलं, पुन्हा वर आणलं. काहीच नव्हतं. ती तिथेच रडू लागली. गावंडेंनी तिचं रडणं आटोपेपर्यंत वाट पाहिली, आणि मग यादी काढून सरांच्या नावावर रेघ मारली.