पियानोला आलेली माणसं

ज्ञानेश्वरीला बघायला औशाहून पाहुणे येणार होते, आणि फोटोतला मुलगा तिला मनातून आवडलाही होता. घरात पोह्यांची गडबड चालली होती. तिचे वडील उमाशंकरराव मात्र ग्रामोफोन पुसत बसले होते. विलायती वादकांच्या पियानोच्या जुन्या तबकड्या हा त्यांचा एकमेव शौक, आणि नांदेडच्या त्या कॉलनीत त्या शौकाला 'डबडं' एवढंच नाव होतं.

"पाव्हण्यांना कळू द्या, आपलं घर कसं हाय ते," ते म्हणाले.

"ते कळू नये म्हणूनच म्हणून राहिले, लावू नका," त्यांच्या बायको अंजूबाई म्हणाल्या.

पण पाहुणे येण्याआधी सराव हवाच. त्यांनी कर्णा खिडकीकडे वळवून तबकडी लावली. वादन मुळात आनंदी होतं. पण यंत्राची स्प्रिंग थकलेली, त्यामुळे अर्ध्यावर दम जायचा आणि सूर रडत रडत खाली यायचे. शेजारच्या मंजुळाबाई हातातलं लाटणं टाकून खिडकीशी आल्या. त्यांच्या लहानपणी रेडिओवर असं काही वाजलं, की कुणी मोठा पुढारी गेलेला असायचा. त्यांनी समोर पाहिलं. उमाशंकररावांच्या आजारी आई पार्वतीबाई रोज सकाळी दारात खुर्ची टाकून बसायच्या. आज खुर्ची रिकामी होती. आत त्यांना इरकल नेसवणं चाललंय, हे मंजुळाबाईंना कोण सांगणार? कॉलनीच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडली आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

आता मयताच्या घरी जाऊन 'खरंच गेल्या का हो?' असं कोणी विचारत नाही. माणसं मुकाट येतात, मान खाली घालून बसतात. तशीच ती आली. अंगणात कुणीतरी सतरंजीही टाकली. उमाशंकरराव दारात आले आणि त्यांचे डोळेच भरून आले. इतक्या वर्षांनी का होईना, कॉलनीला सुरांची गोडी लागली होती.

"चहा टाकायला सांगू?"

"आत्ता चहा घशाखाली उतरंल का?" वैजनाथ मास्तर गहिवरून म्हणाले. "तुम्ही धीर सोडू नका."

"सोडतो कशाला? अजून लई तबकड्या हायत!" म्हणत उमाशंकररावांनी पुन्हा चावी दिली.

सूर पुन्हा रडत खाली आले. मागे बसलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात औशाची गाडी आली. मुलाचे वडील लक्ष्मणराव गर्दी पाहून फाटकातच थबकले. त्यांच्या बायको कुजबुजल्या, "मयत झाल्यालं दिसून राहिलं. माघारी चला, सुतकात कुठं सोयरीक जमती?"

खिडकीतून ज्ञानेश्वरीने त्यांना गाडीकडे वळताना पाहिलं आणि तिला रडूच फुटलं. "बाबा, बंद करा ते! पाव्हणे चाललेत!"

पियानो थांबला. त्या शांततेत इरकल नेसलेल्या पार्वतीबाई काठी टेकत दारात आल्या.

"कोण गेलं रे?"

मंजुळाबाईंच्या हातात पिठलं-भाकरीचा डबा होता. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आणलेला. त्यांनी तो पदराआड लपवला, पण लसणाचा वास लपेना.

पार्वतीबाईंनी डब्याकडे पाहिलं, सतरंजीकडे पाहिलं. "माझं हाय व्हय? मग आण इकडं. गेल्यावर मला कोण वाढणार हाय?" आणि खुर्चीत बसून त्यांनी भाकरी मोडली.

पहिले हसले ते गाडीपाशी थांबून हे ऐकणारे लक्ष्मणराव. ते चपला काढून आत येऊन बसले. "न बोलवता एवढी माणसं धावून येतात, त्या घरची पोरगी आम्हाला पसंत हाय," ते म्हणाले. दाराआड ज्ञानेश्वरीने घाईघाईने डोळे पुसले.

उमाशंकररावांची छाती फुगली. "म्हणलं नव्हतं, पियानोनं काम होतंय? आता पोरीसंगं हा ग्रामोफोन बी तुम्हालाच—"

"तेवढं ऱ्हाऊ द्या," लक्ष्मणरावांनी हात जोडले. "आमच्या घरी बी म्हातारी हाय."