निंबा मास्तरांचा अडकित्ता

सिंधीपुऱ्यात निंबा मास्तरांइतका समजूतदार गणिताचा शिक्षक दुसरा नाही, असं खुद्द निंबा मास्तरच सांगायचे. अर्थात हे अलीकडचं. त्याआधी त्यांचा आवाज पार पलीकडच्या इतवारा मोहल्ल्यापर्यंत जायचा आणि शिकवणीची पोरं त्याच्याही पुढं पळायची. अंगणात एकही चप्पल उरली नाही, तेव्हा बायको लीलाबाई म्हणाल्या, "जरा धीर देत जा पोरांना. चुकलं तरी छान म्हणा. तुमचं काय जातं?"

मास्तरांनी मनावर घेतलं. नेमकी तेव्हाच प्राजक्ता आली, दहावीच्या गणितात गचकलेली. तिचे वडील बाबुराव कापडवाले. त्यांनी मास्तरांसमोरच पोरीला बजावलं, "सप्लिमेंटरीतही नापास झालीस तर शाळा बंद. घरी बसायचं." पोरगी चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभी होती.

"माझ्या अंगणात तिला कुणी रागावणार नाही," त्यांनी शब्द दिला.

आणि खरंच रागावले नाहीत. प्राजक्तानं वजाच्या जागी अधिक केलं की जुनं 'गाढवा' त्यांच्या घशाशी यायचं. ते गिळून मास्तर "छान, चालू दे" म्हणायचे आणि अडकित्ता उचलून सुपारी कातरायचे. कच्च. सगळा राग सुपारीवर. कातरलेली सुपारी शेजारणींना वाटता वाटता लीलाबाई थकल्या.

पण पोरगी काय सुधारली! चुकीची पायरी लिहायची, थबकायची, आपली आपण खोडायची, दुसरी लिहायची. "बघ, स्वतःची चूक स्वतः शोधते. याला म्हणतात शिकवणं," मास्तर लीलाबाईंना ऐकवायचे. मग गल्लीत जो सापडेल त्याला. बाबुरावांनी तर निकालाआधीच मावा जिलेबी पाठवली.

निकाल लागला. प्राजक्ता नापास. मार्क पहिल्यापेक्षाही कमी.

दुसऱ्या दिवशी ती मास्तरांची पुस्तकं परत द्यायला आली. मास्तर म्हणाले, "अगं, इथं तर तुझं एक गणित चुकत नव्हतं. तिथं काय झालं?"

"सच्ची सांगू सर? तिथं अडकित्ता नव्हता."

मास्तरांनी शेजारी पडलेल्या अडकित्त्याकडे पाहिलं.

"इथं कच्च झालं की गलत आहे, खोडायचं. नाही झालं तर पुढं जायचं. पेपरात एकदम शांत होतं. मला वाटलं, सगळं बरोबर चाललंय."

"मग विचारायचंस ना मला. मी एकदा तरी रागावलो का गं?"

"रोज रागवायचे ना सर," ती म्हणाली. "फक्त बोलायचे नाही."

लीलाबाई दारातून आत निघून गेल्या. मास्तरांना वाटलं, त्यापेक्षा हिनं पुस्तकं तोंडावर फेकली असती तर बरं झालं असतं. मग ते म्हणाले, "बाबुरावांच्या मी हातापाया पडतो. शाळा नाही सुटायची तुझी. बस. एक गणित सोडव, बिनधास्त."

प्राजक्ता बसली. पहिली पायरी बरोबर. दुसरीही बरोबर, अगदी तिची तिनं केलेली. मास्तरांना भरून आलं. डोळ्यांतलं पाणी तिला दिसू नये म्हणून त्यांनी मान खाली घातली आणि सवयीनं जे हाताला लागलं ते उचललं.

कच्च.

प्राजक्तानं मुकाट्यानं दोन्ही पायऱ्या खोडल्या.