नानांची पाठ

आमच्या निधीकडून मदत मिळालेल्या कुठल्याही मुलाला विचारा, नाना दिसायला कसे आहेत? तो सांगेल, पांढरी टोपी, टोपीच्या दोन्ही बाजूंना मोठे कान आणि मानेवर उन्हानं रापलेली जाड घडी. यापुढचं, एक मुलगा सोडला तर, कुणालाच सांगता येणार नाही. नानांनी कुठल्याही उमेदवाराकडे तोंड करून त्याची कला कधी पारखलीच नाही. जळगावात वाचनालयाच्या माडीवर आमची बैठक भरायची. नाना आले की स्वतः खुर्ची उचलायचे, भिंतीपाशी न्यायचे, भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि हात मागे हलवून म्हणायचे, "हं, होऊ द्या."

हा निधी काढला गावातल्या जिनिंगवाल्यांनी आणि सराफांनी, थोडं पुण्य गाठीला असावं म्हणून. जळगाव-धुळ्याकडची गाणारी, वाजवणारी, नाचणारी मुलं परगावी गुरूकडे राहून शिकणार असतील, तर त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करायची, एवढंच त्याचं काम. देणाऱ्यांना बैठकांना यायला वेळ नव्हता. म्हणून अध्यक्ष केलं रघुनाथनानांना, कारण त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस गावात सापडत नव्हता. खजिनदार रशीदभाई. त्यांचं पेटी-तबला दुरुस्तीचं दुकान होतं आणि नानांना 'रघू' म्हणणारे गावात तेवढे एकच उरले होते. चिटणीस मी. टेलिफोन खात्यातल्या माणसाला निरोप पोचवण्याची सवय असते, असं कुणीतरी म्हणालं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

नानांचं आयुष्य जिनिंगमध्ये कापूस पारखण्यात गेलं होतं. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढायचा आणि धाग्याची लांबी सांगायची; धागा जितका लांब, तितका कापूस उंची. निवृत्त झाले तरी ती भाषा सुटली नाही. कुणाचं गाणं आवडलं, तर म्हणत, "पोरीना धागा लांब शे," म्हणजे लांब आहे. कुणी नुसत्याच ताना मारल्या, तर "सरकी जास्त, रुई कमी." एका गवयाला तर त्यांनी सरळ 'कवडी', म्हणजे किडका कापूस, म्हटलं होतं. तो कौतुक समजून पाया पडला.

पाठ फिरवून का बसता, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. नाना म्हणाले, "तोंड देखं का माणूस फसस. गाडीवर बसेल शेतकरीना तोंडकडे देखं, तं माले दया ये. मंग आखूड धागा बी लांब दिसे." उत्तर मला पटलं. पुढे बरीच वर्षं मी ते लोकांना अभिमानानं सांगत होतो.

या पद्धतीचे घोटाळेही व्हायचे. एकदा एक मुलगा आपल्या गुरुजींना घेऊन आला. मुलाला सूर सापडेना, म्हणून गुरुजींनी जागा गाऊन दाखवली. नानांची मान डोलली. शेवटी ते म्हणाले, "मधला आवाज चांगला होता. त्याले देऊ." मी हळूच सांगितलं, की ते गुरुजी होते. नाना म्हणाले, "मंग गुरुजीसले देऊ." गुरुजी साठीच्या घरातले. त्यांची समजूत घालता घालता माझ्या नाकी नऊ आले.

जामनेरची एक मुलगी नाच दाखवायला आली, तेव्हाही खुर्ची फिरली नाही. तिचे वडील ताटकळून म्हणाले, "अहो, ती नाचतेय." नाना म्हणाले, "ऐकी राहिनू ना." वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू निधीच्या अध्यक्षांना मीच बिघडवलं होतं.

आता नानांच्या तोंडाबद्दल सांगायलाच हवं. देवानं ते बनवताना बहुधा कुणाशी तरी भांडण काढलं असावं. भुवया दाट आणि नाकाशी येऊन भिडलेल्या, ओठांची टोकं खाली ओढलेली, आणि बारीक डोळ्यांत कायमचा जाब. रांगेत उभ्या माणसाकडे त्यांनी नुसतं पाहिलं, तरी तो 'तुम्ही व्हा पुढे' म्हणायचा. एकदा निधीच्या कार्यक्रमासाठी आम्ही धुळ्याला गेलो होतो. फोटोग्राफर पुन्हा पुन्हा विनवत होता, "नाना, जरा हसा." नाना म्हणाले, "हासीच तं राहिनू." फोटोत आम्ही सगळे सत्काराला आलेलो दिसतो आणि नाना आम्हाला पकडायला.

तर असं सगळं मजेमजेत चाललं असताना सोमाचा अर्ज आला.

सोमा साक्रीकडच्या एका खेड्यातला, बहुरूप्यांच्या घरातला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. बाप सोंगं घेऊन गावोगाव हिंडायचा. त्याच्या मागून फिरता फिरता पोरगं न बोलता सोंगं करायला शिकलं. तिथल्या शाळेतले एक मास्तर त्याच्यासाठी धडपडत होते. बडोद्याला मूकाभिनय शिकवणारे एक गृहस्थ त्याला शिकवायला तयार होते, पण राहण्या-जेवणाची सोय नव्हती. ती झाली नसती, तर पावसाळ्यानंतर सोमा बापाबरोबर पुन्हा दारोदार जाणार होता. अंगणात उभं राहून 'काही वाढा हो' म्हणायचं, तर त्याला तेही म्हणता येत नव्हतं.

अर्ज वाचला आणि नाना म्हणाले, "याले आवाज नही. धागा कसाना ओढू?"

रशीदभाई म्हणाले, "रघू, या वेळेला खुर्ची फिरव."

"ते होनार नही."

"तू पाह्यलं नाही, तर त्याचं काम कोण पाहील?"

"तुम्ही देखा. माले इचारू नका." नाना उठले आणि चहा न घेता गेले. असं त्यांनी यापूर्वी कधी केलं नव्हतं. नियमाप्रमाणे अध्यक्षांच्या पसंतीशिवाय मदत देता येत नसे, त्यामुळे 'तुम्ही देखा' याचा अर्थ नकार असाच होता.

जिना उतरता उतरता मी चिडून म्हणालो, "हा नुसता हेकेखोरपणा झाला. कापसाचा नियम माणसाला कशाला?"

रशीदभाई पायरीवरच थांबले. म्हणाले, "कापसाचं सोडा हो. ते तुम्हाला सांगायला काढलेलं निमित्त आहे. त्याची सुमन माहीत आहे ना?"

नानांची एकुलती मुलगी सुमन सुरतला दिलेली होती, एवढंच मला माहीत होतं. नानी लवकर गेल्या. घरात नाना एकटेच.

"सुमन लहान होती. शाळेच्या गॅदरिंगला गाणं होतं तिचं, झोक्यावरचं, आखाजीचं. हा पहिल्या रांगेत मधोमध बसला. मी शेजारी. पोरगी छान सुरू झाली. दुसऱ्या कडव्याशी तिची नजर बापाकडे गेली आणि ती गप्पच झाली. मग रडत आत पळाली. तिला वाटलं, काहीतरी चुकलं, नाना रागावले." रशीदभाईंनी चष्मा काढून पुसला. "मी शेजारी बसलो होतो. तो खूश होता हो. इतका खूश मी त्याला कधी पाह्यला नव्हता. खूश झाला की तो असाच दिसतो."

त्यानंतर सुमन चारचौघांत कधी गायली नाही. घरात गायची, पण नानांनी खाटेवर भिंतीकडे तोंड केलं, तरच. भाकरी थापता थापता ती गायची आणि बाप पाठ करून ऐकायचा. लग्न होऊन जाईपर्यंत हे असंच चाललं.

"मुलाला आपल्या तोंडाची भीती वाटू नये म्हणून तो फिरून बसतो," रशीदभाई म्हणाले. "तुम्ही काय लोकांना कापूस सांगत बसता."



रशीदभाईंनी काय समजावलं ते कळलं नाही, पण पुढच्या बैठकीला नाना आले. सोमा आला होता, बरोबर त्याचे मास्तर. नानांनी खुर्ची उचलली, भिंतीपाशी नेली, पाठ केली आणि हात मागे हलवला. "हं, होऊ द्या."

मास्तरांनी खूण केली. सोमा सुरू झाला. त्यानं साक्रीचा आठवडी बाजार उभा केला. खांद्यावर नसलेलं गाठोडं खाली ठेवताना त्याचा खांदा खरोखर हलका झाला. कांदे निवडणारी म्हातारी, बांगड्या भरताना हात आक्रसून घेणारी नवी नवरी, भरल्या एसटीत कोपरानं वाट काढणारा कंडक्टर. रशीदभाई तोंडावर रुमाल धरून हसत होते. माडीवर दुसरा आवाज नव्हता.

नाना म्हणाले, "सुरू का नही करत?"

"झालंय सुरू," मी म्हणालो. मग राहवेना, म्हणून रेडिओवर क्रिकेटचं सांगतात तसं मी सांगू लागलो. "आता म्हातारी कांदा उचलतेय नाना. आता दाबून पाहतेय. आता—"

"निधी तुले देवाना शे का त्याले?" नाना गुरगुरले. 

सोमाला हे काही ऐकू येत नव्हतं. पण समोरच्या माणसांपैकी एकजण भिंतीकडे तोंड करून बसलाय, हे तो मघापासून पाहत होता. ज्याला ऐकू येत नाही त्याला माणसाचं तोंड लागतं, त्याशिवाय त्याचा कारभारच चालत नाही. तो सरळ चालत गेला, खुर्चीला वळसा घातला आणि भिंत व नाना यांच्या मधल्या बोळकांडीत जाऊन उभा राहिला. मास्तर "अरे, अरे" म्हणाले, पण म्हणून उपयोग काय?

आम्ही धावत बाजूला गेलो. नानांना तोंड लपवायला जागा राहिली नव्हती. मान वळवावी, तर तिकडे आम्ही. इतकं घाबरलेलं माणूस मी क्वचित पाहिलं असेल, आणि घाबरल्यामुळे ते तोंड आणखीच भयंकर झालं होतं.

सोमानं ते नीट पाहिलं. मान तिरकी करून पाहिलं. मग त्यानं भुवया नाकाशी आणल्या, ओठांची टोकं खाली ओढली, डोळे बारीक केले. समोर दुसरे नाना उभे राहिले. मास्तरांनी कपाळाला हात लावला. मलाही वाटलं, बडोदं गेलं.

पण सोमा तेवढ्यावर थांबला नाही. भुवया तशाच, ओठ तसेच ठेवून त्यानं फक्त डोळे हळूहळू मऊ केले. तोंड तेच होतं, पण आता ते हसत होतं. मग बोटानं आधी स्वतःच्या डोळ्यांकडे आणि नंतर नानांच्या डोळ्यांकडे दाखवून त्यानं मान हलवली. 'हसू इथे आहे. दिसतंय मला,' असंच तो सांगत होता.

नानांच्या छातीतून एक आवाज आला. थंडीतलं डिझेल इंजिन सुरू होताना येतो तसा. रशीदभाई दचकले. इतक्या वर्षांच्या दोस्तीत त्यांनी नानांचं हसू ऐकलं नव्हतं. हसता हसता नानांचे डोळे वाहू लागले, आणि ते पुसायचं काही त्यांना सुचलं नाही. त्यांनी सोमाचा हात धरला. बोटं चिमटीत घेऊन हलकेच ओढली आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "लांब शे."

सोमा बडोद्याला गेला.

पुढच्या आखाजीला मी सह्या घ्यायला नानांच्या घरी गेलो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. सुमनताई सुरतेहून आल्या होत्या. केस पिकायला लागले होते. अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता आणि त्या त्यावर टेकल्या होत्या. रशीदभाई ओट्यावर शेवया खात होते. नानांनी आतून खुर्ची आणली. मला वाटलं, आता भिंतीपाशी नेतील. त्यांनी ती झोक्याच्या पुढ्यात ठेवली आणि सुमनताईंकडे तोंड करून बसले.

"ते गाणं म्हन," नाना म्हणाले.

"नाना, तिकडे तोंड करा ना."

"नही. आज आठेच, तुन्हा समोर बससू."

सुमनताई पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिल्या. म्हणाल्या, "आनि मधीच थांबनू तं?"

"थांब. तरी मी आठेच बससू."

त्यांनी खाली मान घालून सुरुवात केली. आवाज वयानं जरा जाड झाला होता, पण धागा होता. नानांच्या भुवया नाकाशी आल्या. ओठांची टोकं खाली गेली. सगळं तोंड आवळून असं झालं, की रशीदभाईंनी मला आधी सांगितलं नसतं, तर मी कागद तिथेच टाकून घरी गेलो असतो. तेवढ्यात सुमनताईंनी मान वर केली आणि बापाकडे पाहिलं.

रशीदभाईंनी शेवयांची ताटली खाली ठेवली.

दुसरं कडवं आलं. सुमनताई नानांकडे पाहत होत्या, आणि गात होत्या.