मधला शुभेच्छुक

लेकीचा तिकडे कॉलेजात सत्कार आणि आपण इथे आखातात, सोनापूरच्या कामगार कॅम्पात, हे गणूला आठवडाभर टोचत होतं. कोकणातल्या कृषी महाविद्यालयात शिकणारी समिधा आंब्याची कलमं बांधण्याच्या स्पर्धेत पहिली आली होती. गणूला सुट्टी मिळणं शक्यच नव्हतं. पण पोरीला बाप आहे, एवढं तरी तिथल्या लोकांना दिसायला हवं होतं. मग आनंदाच्या भरात आपल्याकडे कोणीही करतो तेच त्याने ठरवलं. कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लावायचा.

शारजात बॅनर छापणाऱ्या नूरुद्दीनला त्याने समिधासोबतचा आपला फोटो पाठवला. मागल्या सुट्टीत अंगणात काढलेला, बाप-लेक दोघंही हसताहेत असा तो एकच फोटो होता.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. "गणूदा, शुभेच्छुकांत माझापण फोटो टाक हां," त्याच्या खोलीतला सोमनाथ म्हणाला. तो त्याच संध्याकाळी गावी निघाला होता आणि फ्लेक्स तोच नेणार होता, त्याला नाही कसं म्हणणार? सोमनाथचा घेतला म्हणून शेजारच्या खाटेवाल्याचा घेतला, मग समोरच्या खोलीतल्यांचे, मग मेसच्या आचाऱ्याचा. यातल्या निम्म्यांनी समिधाला कधी पाहिलंही नव्हतं. पण फ्लेक्स म्हटला की आपल्या माणसाचा चेहरा आपोआप पुढे येतो, त्याला वाळवंट तरी काय करणार? कोणी गॉगल लावून, कोणी हेल्मेट घालून, एक जण तर जेसीबीला टेकून.

शेवटी फोरमन रामेश्वर आला. "गणू, आमचं काही नातं नाही वाटतं पोरीशी?"

"तसं नाय, सायेब..."

"मग? मधोमध टाक. मोठा."

पुढच्या सुट्टीच्या अर्जावर सही रामेश्वरचीच व्हायची होती. गणूने निमूटपणे शारजाला फोन लावला.

"जगह खलास, हबीबी," नूरुद्दीन म्हणाला. "एक फोटो निकालना पड़ेगा. किसका निकालूं?"

गणू म्हणाला, "मेरा निकाल दो."

आपल्याला कापायचं आणि लेकीला ठेवायचं, असं त्याच्या मनात होतं. नूरुद्दीनकडे मात्र गणूचा म्हणून एकच फोटो होता. त्याने तो अख्खाच काढला. त्याला मराठी वाचता येत नव्हतं, आणि एवढ्या गर्दीत अभिनंदन नक्की कोणाचं हे कोणालाही कळलं नसतं. सोमनाथने टेप मारलेली गुंडाळी उचलली आणि तसाच विमानतळ गाठला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा आवाज पार बसलेला होता. "गणूदा, फ्लेक्स लागला. पण पोरगीच नाय रे त्यात. तूपण नायस. प्राचार्य तर रामेश्वरसायबांच्या फोटोकडे बघून म्हणाले, समिधाचे वडील रुबाबदार आहेत."

गणू खाटेवर बसला तो बसलाच. एवढी खटपट केली आणि पोरीला भलताच बाप मिळवून दिला, या विचाराने त्याला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी समिधाचा व्हिडिओ कॉल आला. अख्खी खोली मोबाइलवर वाकली, रामेश्वर सगळ्यांत पुढे. पडद्यावर फाटक दिसलं. गॉगल, हेल्मेट, जेसीबी, सगळं जागच्या जागी होतं. मधोमध मात्र, रामेश्वरच्या तोंडावर, अंगणातला तो बाप-लेकीचा फोटो होता. फ्लेक्सला भोकं पाडून, कलमं बांधायच्या पट्टीने घट्ट आवळून बांधलेला.

"माझा चेहरा कुठंय?" रामेश्वर ओरडला.

"काका, तुम्ही खुंट," समिधा म्हणाली. "खुंटाचा शेंडा छाटल्याशिवाय कलम बांधता येत नाही."

रामेश्वर गणूकडे वळला. "खुंट म्हणजे काय रे?"

"ज्याच्या जिवावर सगळं झाड उभं राहतं ना, सायेब, तो."

रामेश्वर जरा विचारात पडला. मग त्याने मिशीवरून हात फिरवला. "पोरगी हुशार आहे. याचा स्क्रीनशॉट काढ, स्टेटसला ठेवतो."

गणूने मोबाइल जवळ घेतला. "कलम धरलं काय गो, बाय?"

"धरलं, बाबा," समिधा म्हणाली. "प्राचार्य सरांनी स्टेजवरून तुमचं नाव घेतलं."